गांजावालीचा पाय

लोक विचारतात, अपघात कसा झाला. मी सांगते की वारज्यात सर्व्हिस रोडवर एक टेम्पो उलट्या बाजूने आला आणि त्याने मला उडवलं. लोक जरा घुटमळतात. मग विचारतात, "पण तू तेव्हा... म्हणजे... नीट होतीस ना?"

होते. ऑफिसला निघाले होते. डोक्यावर हेल्मेट होतं, डब्यात भेंडीची भाजी होती आणि माझी स्कूटर माझ्या बाजूने, बेताच्या वेगाने चालली होती. नीट नव्हता तो टेम्पोवाला. पण त्याला हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.

मलाच का विचारतात ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी केतकी. मूळची यवतमाळची, नोकरीसाठी पुण्यात आले आणि लग्न करून इथलीच झाले. एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आणि रोज संध्याकाळी घरी आले की बाल्कनीत बसून गांजाची एक सिगारेट ओढायचे. बरीच वर्षं. मला वाईट संगत लागली नव्हती, आईवडिलांचं दुर्लक्ष झालं नव्हतं, काही दुःख बुडवायचं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर डोकं शांत व्हायचं, एवढंच. माझा नवरा मंदार शनिवार-रविवारी साथ द्यायचा. त्यामुळे तो स्वतःला ओढणाऱ्यांत धरत नव्हता.

पायाला मार बसलाय, हॉस्पिटलात पडलोय आणि असली एखादी सवय आहे जी खाटेभोवती उभ्या असलेल्या माणसांना माहीत नाही, अशा लोकांसाठी मी हे लिहिते आहे. असे लोक तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. ते गप्प असतात, म्हणून कमी वाटतात.

"आमच्यात?"

रस्त्यावरच्या लोकांनी मला रिक्षात घातलं आणि जवळच्या हॉस्पिटलात नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं. पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळला होता, तिकडे मी एकदाच बघितलं. मंदार ऑफिसातून पळत आला. पाठोपाठ कसबा पेठेतून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना मी आईच म्हणते. सासरे मी लग्न करून यायच्या आधीच गेले, त्यामुळे आई तिथे एकट्या राहतात आणि एकट्या राहण्याची त्यांना चांगली ऐट आहे.

तपासायला आलेले डॉक्टर माझ्याबद्दलचे प्रश्न विचारत होते, पण माझ्या अंगावरून पलीकडे बघत. हे आपल्याकडे सगळीकडे असंच चालतं. खाटेवर पडलेला माणूस आजारी असतो, म्हणून उत्तरं नातेवाईक देतात.

"बीपी, शुगर?"

"काही नाही," आई म्हणाल्या.

"आधी एखादं ऑपरेशन?"

"अपेंडिक्सचं," मंदार म्हणाला. माझं टॉन्सिल्सचं झालं होतं. अपेंडिक्स त्याच्या बहिणीचं.

"काही व्यसन?"

आईंनी डॉक्टरांकडे नुसतं बघितलं. "आमच्यात?" एवढंच म्हणाल्या.

डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळले. पडद्यापलीकडे दुसरा एक अपघाताचा माणूस होता. त्याला तोच प्रश्न खोदून खोदून विचारला गेला, दारू किती, तंबाखू किती, शेवटची कधी घेतली. मी बाई, कपाळाला टिकली, शेजारी नऊवारीतल्या नसल्या तरी नऊवारीच्या तोऱ्यातल्या सासूबाई. माझ्या बाबतीत "आमच्यात?" पुरलं.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं, असं आता मला पुष्कळ जण सांगतात. पाय मोडलेला असताना, सासूसमोर, अनोळखी माणसांच्या गर्दीत त्यांनी स्वतः काय काय सांगितलं असतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

"सांगितलं मी"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. हाडात सळई घालायची होती. रात्रभर झोप नव्हती, पेनकिलर लागू पडत नव्हतं आणि मला घाम फुटत होता. मी कुठेतरी वाचलं होतं की रोज ओढणाऱ्यांना भूल जास्त लागते. सकाळी आई चहा आणायला कॅन्टीनमध्ये गेल्या, तेवढ्यात मी मंदारला म्हणाले, "भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांग. त्यांना माहीत असायला पाहिजे."

मंदारचा चेहरा उतरला. "अगं, पोलीस केस आहे. हवालदार जबाब घेऊन गेलाय. कागदावर गांजा आला तर तो टेम्पोवाला उद्या म्हणेल, बाईच नशेत होती."

"मी नव्हते."

"मला माहितीये. त्यांना कोण सांगणार?"

"मग डॉक्टरांना बाजूला घेऊन सांग. आईंसमोर नको सांगूस, पण सांग."

"बरं. सांगतो. तू टेन्शन घेऊ नकोस."

ऑपरेशनला न्यायच्या आधी मी पुन्हा विचारलं. "सांगितलंस?"

"सांगितलं मी," तो म्हणाला आणि माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. किती बरं वाटलं मला तेव्हा.

कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केले. वर झोपेचं औषध देणार होते, म्हणजे मला काही कळायला नको. मला सगळं कळत होतं. हातोडीचे ठोके ऐकू येत होते. सुतारकाम चालावं तसे, आणि लाकूड म्हणजे मी. "अजून झोपल्या नाहीत?" असं कुणीतरी म्हणालं. अजून औषध दिलं. मी हात झाडायला लागले, तो कुणीतरी धरला. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. पुढचं तुटक तुटक आठवतं. मला एकच वाटत होतं, यांना तर सांगितलंय, मग हे इतके गोंधळलेत का?

मी सांगते

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भूलतज्ज्ञ बाई वॉर्डात आल्या. मध्यम वयाच्या, चष्मा केसांत अडकवलेला. आई खाटेशेजारच्या स्टुलावर बसून सफरचंद कापत होत्या. मंदार खिडकीशी फोनवर काहीतरी बघत होता.

"काल तुम्ही आम्हाला चांगलंच दमवलंत हो," बाई म्हणाल्या. "एवढं औषध तुमच्या वजनाच्या माणसाला लागत नाही. रात्री दुखणंही आटोक्यात नव्हतं म्हणे. काही घेता का? झोपेच्या गोळ्या वगैरे?"

"झोपच नाही तिला मुळी," आई म्हणाल्या. "रात्रंदिवस तो लॅपटॉप."

मी मंदारकडे बघितलं. तो फोनमध्ये अजून खोल गेला.

"मंदारने तुम्हाला सांगितलंय ना?" मी बाईंना विचारलं.

"काय?"

मला कळलं. त्या क्षणी मोडलेल्या पायापेक्षा जास्त दुखलं, हे मी अतिशयोक्ती न करता लिहिते आहे. घाम, मळमळ, ती हातोडी, सगळं मी एकटीने काढलं होतं. याला फक्त एका माणसाशी एक मिनिट बोलायचं होतं. मला इतका संताप आला की लाज वाटायची राहूनच गेली.

"मी गांजा ओढते," मी म्हणाले. "रोज एक. बरीच वर्षं. शेवटचा अपघाताच्या आदल्या संध्याकाळी. अपघाताच्या दिवशी नाही."

सफरचंद कापायची सुरी थांबली. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "सांगितलंत ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता घाम, मळमळ, चिडचिड होईल, अजून थोडे दिवस. त्याने जीव जात नाही. आणि रोज ओढणाऱ्यांना पेनकिलर कमी पडतं कधीकधी, म्हणजे तुम्हाला खरंच दुखत होतं. मी औषध बदलून देते." मग जाता जाता म्हणाल्या, "हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवं होतं."

त्या गेल्यावर मी मंदारला मराठी भाषेत जेवढं म्हणता येतं तेवढं म्हटलं. तो पुटपुटला, "मला वाटलं, नाही सांगितलं तरी होऊन जाईल." आणि गाडीचे कागद पोलिसांना द्यायचेत असं सांगून निघून गेला.

कापलेलं सफरचंद आईंनी माझ्यासमोर ठेवलं, सुरी धुतली, पुसली, पिशवीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांचा मुलगाही ओढतो हे मी त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं कोण जाणे. एका सकाळी तेवढं पुरे होतं.

सात नंबर

हॉस्पिटलात पाळी बदलते तेव्हा जाणाऱ्या नर्सेस येणाऱ्या नर्सेसना खाटेखाटेशी उभ्या राहून सांगतात, कोण, काय, काय द्यायचंय. पहिल्या दिवशी माझ्या खाटेशी म्हटलं गेलं होतं, "सात नंबर, नडगीचं फ्रॅक्चर, उद्या ऑपरेशन." आज दुपारी आवाज खाली आला, पण इतकाही नाही की मला ऐकू येऊ नये. "सात नंबर, ती गांजावाली. सारखं पेनकिलर मागते. बघून द्या."

बघून द्या. म्हणजे देऊ नका.

दुपारपासून माझा पाय वेगळाच दुखायला लागला. हे वेगळेपण मला कुणालाच पटवता आलं नाही, म्हणून इथे नीट लिहिते. हाड मोडल्याचं दुखणं मला एव्हाना ओळखीचं झालं होतं. हलवलं की दुखायचं, स्थिर ठेवलं की जरा निवायचं. हे निवत नव्हतं. पोटरी आतून फुगत होती आणि तिला फुगायला जागा नव्हती. पट्टीच्या आत पाय दगडासारखा झाला होता. बोटांच्या बेचक्यात मुंग्या यायला लागल्या.

वॉर्डातला तरुण डॉक्टर आला. त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं की तो किती तरी वेळ झोपलेला नाही. आता आठवलं की त्याची दया येते, तेव्हा आली नाही.

"बोटं हलवा," तो म्हणाला.

"हलत नाहीत नीट."

"ट्राय करा."

"करतेय. हलत नाहीत."

त्याने एक बोट धरून ओढलं आणि मी किंचाळले. समोरच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या.

"मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम समजूतदार झाला. मला त्या आवाजाची अजून चीड येते. "तुम्ही रेग्युलर युजर आहात. बॉडीला सवय असते. ती न मिळाल्यामुळे हे होतंय. हे पेन नाहीये, क्रेव्हिंग आहे. थोडं सहन करा."

"पाय दुखतोय माझा! गांजाची तलफ पोटरीत येते का?"

"चिडचिड पण त्याचीच आहे," तो म्हणाला.

बघा आता. ओरडले तर तलफ, गप्प बसले तर बरं वाटतंय. घाम आला तर तलफ. रडले तर तलफ. काल मी सभ्य घरातली होते तेव्हा "बायका जरा नाजूक असतात" म्हणून माझ्या दुखण्याला कुणी विचारलं नव्हतं. आज खरं सांगितलं, तर गांजावाली म्हणून विचारत नव्हते. पाय दोन्ही दिवशी माझाच होता. मला असं वाटायला लागलं की मी खरं सांगून मोठी चूक केली, आणि हे वाटणंच सगळ्यात वाईट होतं.

नर्सला मी पुन्हा बोलावलं. मग पुन्हा. ती म्हणाली, "डॉक्टर बघून गेलेत ना आत्ता?" तिसऱ्यांदा बेल दाबली तेव्हा कुणी आलंच नाही. भूलतज्ज्ञ बाईंना बोलवा म्हटलं, तर त्यांची ड्यूटी संपली होती. मोठे डॉक्टर संध्याकाळच्या फेरीला येणार होते. संध्याकाळ फार लांब होती.

मी उशीत तोंड घालून रडायला लागले. दुखण्यापेक्षा जास्त, आपलं ऐकून घेणारं कुणी नाही म्हणून.

पुन्हा तपासणी

आईंचं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सारं आयुष्य गेलं. मार्क कमी पडले म्हणून पेपर पुन्हा तपासून घ्यायला मुलं ज्या खिडकीशी येतात, त्या खिडकीच्या आत त्या बसायच्या. खरी रडणारी, खोटी रडणारी, बापाला घेऊन येणारी, नगरसेवकाला घेऊन येणारी, सगळी मुलं त्यांनी बघितली आहेत. त्या खिडकीबद्दल त्या मला एरवी खूप सांगतात. त्या दिवशी मात्र सकाळपासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

त्या स्टुलावरून उठल्या आणि माझ्या पायाशी आल्या. पट्टीच्या वर, गुडघ्याखाली त्यांनी बोट दाबून बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"कधीपासून असं आहे?"

"जेवण आलं तेव्हापासून. वाढतंय."

"सकाळी असं होतं?"

"नाही."

त्या नर्सच्या टेबलाशी गेल्या. वॉर्ड लहान होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टर, पट्टी सोडून बघा."

"आजी, मी आत्ताच बघितलंय. त्यांची हिस्टरी तुम्हाला माहिती असेल ना आता? अशा पेशंटमध्ये असं होतं."

"पहिली गोष्ट, मी तुमची आजी नाही," आई म्हणाल्या. "दुसरी, ती गांजा ओढते हे मला सकाळी कळलं. त्याचं काय करायचं ते मी घरी बघीन. पाय तुम्ही बघा."

"अहो, पण त्या एक्झॅजरेट करतायत..."

"करत असेल. मी तीस वर्षं खोटं बोलणारी पोरं बघितली. पण पेपर पुन्हा तपासा म्हणून अर्ज आला, की पेपर बाहेर काढून तपासायचा, असा नियम होता. पोरगा उनाड आहे की शहाणा, हे बघून आम्ही गठ्ठा सोडत नव्हतो. गठ्ठा सोडायचा, मग बोलायचं. तुम्ही न सोडताच मार्क देताय."

"मोठे सर संध्याकाळी येणारच आहेत."

"त्यांना आत्ता फोन लावा. तुम्हाला जमत नसेल तर नंबर द्या, मी लावते. माझा आवाज त्यांना आवडणार नाही."

डॉक्टर काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. आई म्हणाल्या, "मग मी इथेच दारात उभी राहते. तुमची औषधांची गाडी आत जाणार नाही आणि बाहेर येणार नाही." आणि खरंच वॉर्डाच्या दारात मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. औषधांची ट्रॉली घेऊन आलेली नर्स बाहेरच अडकली. "बाई, सरका ना," असं कुणीतरी म्हणालं. आईंनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सरकल्या नाहीत.

फोन लागला.

मोठे डॉक्टर आले तेच भरभर चालत. त्यांनी पट्टी कापायला सांगितली. पाय ताणून चकाकत होता. त्यांनी पोटरीवर बोटं टेकवली, अंगठा जरासा हलवला आणि माझ्या ओरडण्याकडे नीट लक्ष दिलं. त्या दिवशी माझं ओरडणं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकत होतं. त्यांचा चेहरा बदलला.

"ऑपरेशन थिएटरला सांगा," ते तरुण डॉक्टरला म्हणाले. "आत्ता."

पायातल्या स्नायूंवर घट्ट आवरण असतं. आत सूज वाढत गेली की जागा उरत नाही, रक्त पोचत नाही आणि स्नायू मरायला लागतात. आवरण चिरून पाय मोकळा करावा लागतो, आणि वेळेत करावा लागतो. माझा पाय दोन्ही बाजूंनी उघडला. जखमा कित्येक दिवस उघड्याच ठेवल्या होत्या, मग मांडीची कातडी काढून त्यावर लावली. पाय वाचला. पण पुढच्या बाजूचा काही स्नायू तोवर गेला होता. माझं पाऊल आता पूर्ण वर उचललं जात नाही. बुटात प्लॅस्टिकची पट्टी घालून चालते, आणि ती नसली तर सपाट फरशीवर अडखळते.

नंतर मोठे डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

"मी सांगत होते," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. माणूस प्रामाणिक असावा.

एकाच बाल्कनीत

त्या पहिल्या काही दिवसांत ज्या दोनचार गोष्टींनी मला तारलं, त्याही लिहायला हव्यात. भूलतज्ज्ञ बाई दुसऱ्या सकाळी आपली पाळी सुरू व्हायच्या आधी आल्या आणि खाटेशी उभ्या राहून वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "यांना दुखतंय म्हणाल्या की दुखतंय." त्यानंतर पाळी बदलताना एक नर्स म्हणाली, "सात नंबर, पायाची पेशंट." तिला कळलंही नसेल, पण मी चादर तोंडावर ओढून रडले.

आणि आई. त्यांनी माझे केस विंचरायला घेतले, तेही रागारागाने. गुंता ओढताना माझं डोकं मागे जात होतं.

"माझ्याशी बोलणार नाही का?" मी विचारलं.

"बोलायचं ते दाराशी बोलले."

"आई, सॉरी."

"सॉरी वगैरे राहू दे. मला एक सांग." त्यांनी वेणी घट्ट आवळली. "तुम्ही दोघं एकाच घरात राहता. बाल्कनी एकच. आणि वास काय फक्त तुझ्याच तोंडाला येत होता?"

मंदार डबा घेऊन दारात उभा होता, त्याने ऐकलं होतं. तो खाटेच्या पायथ्याशी बसला, माझ्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या पायाकडे बघत राहिला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "मी पण, आई," म्हणाला. "आणि मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. केतकीने सांगायला सांगितलं होतं."

आईंनी त्याच्या हातातला डबा काढून घेतला. "आधी तिला जेवू दे," म्हणाल्या. "तुझं मी नंतर तपासते."

मी मंदारला माफ केलंय का, हे लोक विचारतात. थोडं केलंय. त्याला कळतं की उरलेलं बाकी आहे, आणि तो मागत नाही, हे त्याच्या बाजूने जातं.

मला जे सांगायचंय

तुम्ही अशा खाटेवर पडला असाल तर सांगा. नवऱ्याकडून नको, भावाकडून नको, स्वतः सांगा. डॉक्टरांना म्हणा, बाकीच्यांना दोन मिनिटं बाहेर पाठवा. काय घेता, किती, शेवटचं कधी, एवढं सरळ सांगा. ऑपरेशनच्या आधी सांगा. त्याचा त्रास होईल, हेही सांगून ठेवते. तुमच्या नावामागे काहीतरी चिकटेल, आणि ते पुसायला तुमच्या बाजूने भांडणारं एखादं खमकं माणूस लागेल. ते माणूस आधीच हेरून ठेवा. माझं माझ्यावर रागावलेलं होतं, तरी कामाला आलं.

आणि तुम्ही खाटेशेजारी उभे असाल तर दुसऱ्याच्या वतीने "आमच्यात?" म्हणू नका. आमच्यात सगळं असतं.

आता मी चालते. पुन्हा कामावर जाते. बिबवेवाडीतल्या मावससासूबाई परवा भेटल्या, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सुटलं ना गं ते?" ऑफिसातल्या बॉसने विचारलं, "ऑल क्लीन नाऊ?" गेल्या आठवड्यात पायात जोरात कळ आली, मी "दुखतंय" म्हटलं, तर मंदारची नजर आधी बाल्कनीकडे गेली. क्षणभरच. मग तो खाली बसला आणि त्याने पाय हातात घेतला. पण नजर गेली, ती मी बघितली.

मी सोडला की नाही, हे या सगळ्यात मी कुठेही लिहिलेलं नाही. वाचताना तुम्ही तेच शोधत आला असाल, तर त्या दुपारी माझी पट्टी तुम्हीही सोडली नसती.